न संपणारी धाव

सुभानपुरा हा बडोदे शहराचा पश्चिमेकडील, रेल्वेमार्गापलीकडचा भाग. दिवाळीची सुटी लागली की इतर शहरांतल्याप्रमाणे येथील मुलांच्या हातीही मोबाइलच्या पडद्यावरचा पळण्याचा खेळ येतो. त्यातील गडी सारखा पुढे धावत असतो. वाटेत भिंती, खड्डे, गाड्या येतात. बोटाच्या एका हालचालीने त्या चुकवावयाच्या असतात. आणि मुक्कामाचे ठिकाण असे कोठेच नसते. हा खेळ परदेशातून आला हे खरे. परंतु पळण्याच्या खेळांशी बडोद्याचा संबंध शंभर वर्षांहून जुना आहे, आणि तो ध्यानात घेतल्यावाचून या नव्या खेळात नवे ते काय, हे नीट उमगत नाही.

खो-खो, हुतूतू, आट्यापाट्या हे खेळ महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या खेळले जात होते. पण गावागणिक त्यांची रीत वेगळी. वाद झाला तर थोरल्या मुलाचा शब्द प्रमाण, आणि अंधार पडला की खेळ बंद. 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोला प्रथम नियमांच्या चौकटीत बसविले. त्या काळी मैदानाच्या टोकांना खांबदेखील नव्हते. दोन अनुभवी गडी तेथे बसत व त्यांना वळसा घालून खेळाडू परतत. पुढचे काम बडोद्याने केले. हिंद विजय जिमखान्याने 1923 मध्ये हुतूतूचे नियम प्रसिद्ध केले, आणि 1924 मध्ये खो-खोची नियमावलीही बडोद्याच्या जिमखान्यातून छापून बाहेर पडली. सयाजीराव महाराजांनी 1906 साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. शाळा, ग्रंथालये आणि आखाडे यांची त्या नगरीत एकाच वेळी वाढ चालली होती. त्याच नगरीत द. चिं. मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड संपादित केले. खेळ ही लिहून ठेवण्याजोगी विद्या आहे, असे मानणारे ते शहर होते.

खो-खोत पळणाऱ्या गड्याला कोठेही पोहोचावयाचे नसते. शर्यतीतला धावपटू फीत तोडतो. हुतूतूतला चढाई करणारा रेषेपर्यंत परततो. खो-खोतला गडी मात्र केवळ बाद होण्याचे टाळीत राहतो. तो किती मिनिटे टिकला, एवढाच त्याच्या कौतुकाचा हिशेब. या अर्थाने न संपणाऱ्या धावेचा हा सख्खा पूर्वज म्हणावयास हरकत नाही. पण नियम करणाऱ्यांनी या धावेला दोन बाजूंनी बांध घातला. पहिला बांध वेळेचा: डाव ठराविक मिनिटांचा, रूढ झालेल्या नियमांत तो नऊ मिनिटांचा आहे. दुसरा बांध माणसांचा. पाठलाग करणाऱ्यास मागे वळण्याची मुभा नाही, म्हणून दमला अथवा चुकला की त्याने बसलेल्या सोबत्यास खो द्यावयाचा. बाद झालेला गडी बाहेर बसतो आणि दुसऱ्याचा खेळ पाहतो. हे बाहेर बसणे मुलांना आवडत नसे. तरी खेळाचे निम्मे शिक्षण त्यातच होते.

पडद्यावरच्या धावेने नेमके हे दोन्ही बांध काढून टाकले. 2009 साली अमेरिकेतील ॲडम सॉल्ट्समन यांनी ‘कॅनाबाल्ट’ हा खेळ केला. त्यात छपरांवरून पळणाऱ्या माणसाला फक्त उडी मारावयाची होती. 2011 मध्ये ‘टेंपल रन’ आणि 2012 मध्ये डेन्मार्कमधून ‘सबवे सर्फर्स’ आला. या दुसऱ्या खेळाने 2018 साली अँड्रॉइड फोनच्या बाजारात शंभर कोटी डाउनलोडचा टप्पा ओलांडला. गूगलच्या क्रोममध्ये 2014 पासून इंटरनेट बंद पडले की एक डायनोसॉर धावू लागतो. हा खेळ सुमारे 1 कोटी 70 लाख वर्षे चालेल असा रचल्याचे त्याच्या कर्त्यांनीच थट्टेने सांगितले आहे. येथे पाठलाग यंत्र करते, ते दमत नाही. गती वाढत जाते, त्यामुळे खेळणारा कधी ना कधी हरतोच. पण हरल्यावर बाहेर बसावे लागत नाही, क्षणार्धात नवी धाव सुरू होते. खेळ संपविण्याचे काम पूर्वी अंधार, शिट्टी किंवा आईची हाक करी. ते आता एकट्या मुलाच्या इच्छाशक्तीवर आले आहे.

सणांचा वेष चढला तो यापुढे. तोच मार्ग, त्याच उड्या. पण 2013 पासून ‘सबवे सर्फर्स’ नव्या नव्या शहरांचा पोशाख घालू लागला. हॅलोविनला भोपळे आले, नाताळला बर्फ आणि दिवे; मुंबईचीही पाळी येऊन गेली. डायनोसॉरच्या डोक्यावर क्रोमच्या दहाव्या वाढदिवसाला, 2018 मध्ये, टोपी चढली. हा वेष थोडेच दिवस राहतो, म्हणून तो संपण्याआधी खेळून घ्यावे असे मुलांस वाटते. आपल्याकडे सण व खेळ यांचे नाते नेमके उलटे होते. नागपंचमीचे झोके, मंगळागौरीची फुगडी, बडोद्यातील उत्तरायणाचे पतंग, हे सारे सणाबरोबर येत आणि सणाबरोबर जात. वाशी उत्तरायण उलटले की मांजा गुंडाळला जाई. तेथे सण खेळाला मर्यादा घालीत असे. येथे सण खेळाच्या पोटात शिरला आहे, आणि एक सण सरताच दुसऱ्याची तयारी आत चालूच असते.

या ओढीची जाणीव कर्त्यांपैकी एकाला तरी झाली. व्हिएतनामच्या डाँग न्गुएन यांनी आपला ‘फ्लॅपी बर्ड’ हा खेळ (तो धावण्याचा नव्हे, उडण्याचा, पण जात तीच) फेब्रुवारी 2014 मध्ये, भरभराटीच्या ऐन वेळी, स्वतःच मागे घेतला. विरंगुळ्याच्या चार मिनिटांसाठी केलेली वस्तू व्यसन बनली, हे त्यांनी दिलेले कारण. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 साली खेळाच्या अनावर नादाला आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिले; ते वर्गीकरण जानेवारी 2022 पासून लागू झाले. अर्थात सुटीत तासभर खेळणारे प्रत्येक मूल आजारी, असा त्याचा अर्थ नव्हे. नाद अनावर होऊन इतर व्यवहार मागे पडले आणि तसे बराच काळ चालले, तरच ते नाव लागते.

जुना खेळही मैदान सोडून गेलेला नाही. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीस खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली. पुरुष व महिला, दोन्ही विभागांत भारताने अंतिम सामन्यात नेपाळचा पराभव केला. महिलांनी 78-40 असा, तर पुरुषांनी 54-36 असा. त्या स्पर्धेत एकेक पाळी सात मिनिटांची होती.