तळटीप ७ : रिकामा प्रेषक

७. रिकामा प्रेषक : ईमेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जाताना ‘मेल फ्रॉम’ या आज्ञेत दिलेला, कोनी कंसांत काहीच नसलेला पत्ता (<>). वाचणाऱ्याला मेलच्या माथ्यावर दिसणारे प्रेषकाचे नाव वेगळे. तिथे बहुधा ‘मेलर-डीमन’ असते. रायपूरहून नागपूरला पाठवलेला मेल तिथल्या सर्व्हरने स्वीकारला आणि पत्ता चुकीचा असल्याचे नंतर लक्षात आले, तर ‘पोहोचला नाही’ ही सूचना तो याच रिकाम्या पत्त्याने रायपूरला धाडतो. सूचनेवर खरा पत्ता असता आणि तीही अडली असती, तर तिच्याबद्दल दुसरी सूचना निघाली असती, आणि दोन सर्व्हर एकमेकांना सूचनाच पाठवत बसले असते. जॉन पोस्टेल यांच्या आरएफसी ८२१ (ऑगस्ट १९८२) मध्ये हा उपाय सांगितला आहे; गंमत म्हणजे त्याच दस्तऐवजातल्या आज्ञेच्या व्याकरणात रिकाम्या पत्त्याची सोयच नव्हती. आरएफसी ११२३ ने १९८९ मध्ये ती चूक सुधारून असा पत्ता स्वीकारणे बंधनकारक केले.

स्पॅमवालेही हीच वाट वापरतात, म्हणून काही व्यवस्थापक असे मेल सरसकट नाकारतात. हा इलाज चुकीचाच : आपला मेल पोहोचला नाही, हे मग त्यांच्याच वापरकर्त्यांना कळत नाही. एकाच वेळी अनेकांच्या नावे आलेला असा मेल नाकारणे मात्र रास्त, कारण खरी सूचना मूळ प्रेषकाच्या एकाच पत्त्यावर जाते. एसपीएफ तपासणीत (पाठवणाऱ्या सर्व्हरला त्या नावाने मेल पाठवण्याची परवानगी आहे का, हे पाहताना) रिकाम्या प्रेषकाच्या मेलसाठी ‘हेलो’ आज्ञेतले सर्व्हरचे नाव धरले जाते.