श्वासाची पाइपलाइन: मोहीची ललिता आणि १९८९ चा एक शोध

१५ ऑगस्ट २०१६. रिओ ऑलिम्पिक, ३००० मीटर स्टीपलचेसची फायनल. ट्रॅकवर आहे ललिता बाबर, माण तालुक्यातल्या मोही गावची. दोन दिवस आधी हीटमध्ये तिनं ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केलेला. फायनलला ती दहावी आली. पण १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिम्पिकच्या वैयक्तिक ट्रॅक फायनलमध्ये पोहोचलेली पहिली भारतीय महिला हीच.

आजची गोष्ट मात्र पदकाची नाही, श्वासाची आहे. एवढं पळताना छातीत गेलेली हवा रक्तात उतरते कुठं? आणि तिथं रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या आईच्या पोटातच टाकतं कोण?

प्रतापगडावर अफजलखानाचा वध झाला १६५९ मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीत मार्चेलो माल्पिघीनं बेडकाचं फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. हवेच्या फुग्यांभोवती बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दिसलं. धमनीतलं रक्त शिरेत कसं जातं, हे कोडं तिथं सुटलं. पण जाळं विणतं कोण, हे कळायला आणखी सव्वातीनशे वर्षं गेली.

१९७१ मध्ये अमेरिकेतले सर्जन ज्यूडा फोकमन म्हणाले, कॅन्सरची गाठ निरोप धाडून रक्तवाहिन्या स्वतःकडे ओढते. बऱ्याच जणांना ते पटलं नाही. १९८३ मध्ये हॅरॉल्ड ड्वोरॅक यांच्या टीमला रक्तवाहिन्या पाझरायला लावणारं एक प्रथिन सापडलं. १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा यांनी रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन वेगळं केलं: व्हीईजीएफ. पुढं कळलं, दोन्ही एकच! आणि गंमत बघा, ललिताचा जन्मही १९८९ चाच.

ते काम कसं करतं, हे माणदेशात समजावणं सोपंय. विहीर आटली की गाव टँकरची मागणी करतं. पेशींचंही तसंच. ऑक्सिजन कमी पडला की त्या व्हीईजीएफ सोडतात. रक्तवाहिनीच्या पेशींवर तो निरोप पकडणारे रिसेप्टर असतात. निरोप जिकडं दाट, तिकडं नवी फांदी फुटते. गर्भात ऑक्सिजन मुळातच कमी, म्हणून तिथं ही मागणी चालूच असते. १९९६ मध्ये उंदरांच्या गर्भात या जनुकाच्या दोनपैकी एकच प्रत बंद केली, तरी गर्भ जगले नाहीत.

आधी वाटायचं, हवेच्या नळ्या पुढं जातात आणि रक्तवाहिन्या नुसत्या मागं येतात. २००० मध्ये उंदरांच्या नवजात पिल्लांत रक्तवाहिन्यांची वाढ रोखली, तर हवेचे फुगेच कमी झाले. म्हणजे दोघांचं चालणं जोडीनं.

आता हे आपल्या घरात आणू. सातव्या महिन्यात झालेल्या बाळाचं हे जाळं अर्धवट असतं. बाहेर ऑक्सिजन गर्भापेक्षा बराच जास्त, त्यामुळे निरोप मंदावू शकतो. जीव वाचवायला ऑक्सिजन तर लागतोच, पण जास्तीचा झाला तर नुकसान करतो. म्हणून एनआयसीयूत तो मोजून-मापून देतात, सेन्सर लावून.

आणि म्हणूनच, अशा बाळाला धाप लागली की "आईनंच नीट काळजी घेतली नाही" असं कुणी बोललं, तर त्यांना ही गोष्ट सांगा. जाळं विणायला वेळ लागतो, आणि तो वेळ बाळाला मिळालेला नसतो.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर एक खोल श्वास घ्या!