परसातली केळ

बनशंकरी म्हणजे शाकंभरी, भाजीपाल्याची देवता. बदामीजवळ चोळचगुड्ड येथे तिचे मूळ ठाणे असून पौषात तेथे मोठी यात्रा भरते. कितीतरी मराठी घराण्यांची ती कुलदेवता आहे. बंगळूरच्या दक्षिणेकडील ज्या वस्तीत आम्ही राहतो, तिलाही या देवीचेच नाव आहे. अशा ठिकाणी घरामागच्या चार हात जागेत केळ लावावी, यात नवल ते काय? आम्ही येथे बिऱ्हाड थाटले तेव्हा शेजारच्या अज्जींनी कुंपणावरून एक मुनवा आमच्या हाती दिला. त्याला त्या ‘बाळे कंदु’ म्हणाल्या. तो एलक्कीचा होता. मुंबईचा बाजार जिला वेलची म्हणतो तीच ही केळ.

हा मुनवा कोठून आला, असा प्रश्न तेव्हा आम्हांस पडला नाही. पुढे पडला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही फार दूर गेलो. आपण खातो त्या केळ्यात रुजणारे बी नसते. रानकेळीचे फळ मात्र कठीण बियांनी भरलेले असते. बी नसलेले एखादे झाड कोणा प्राचीन माणसाच्या दृष्टीस पडले, त्याने त्याचा मुनवा काढून दाराशी लावला, आणि तेथूनच केळीचा मानवी इतिहास सुरू झाला. न्यू गिनीतील कूक येथील दलदलीत सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या केळीच्या लागवडीच्या खुणा सापडल्या आहेत. पुढे या केळीचा भारताकडील दुसऱ्या रानटी जातीशी संकर झाला. आमची एलक्की अशाच संकराची संतती आहे.

नावांची कथाही अशीच मनोरंजक आहे. संस्कृत ‘कदली’ झिजत झिजत आपली ‘केळ’ झाली; कानडीत ती ‘बाळे’, तर तमिळ-मलयाळमात ‘वाळै’, ‘वाळ’. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हेडे याच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथाचा पहिला खंड १६७८ मध्ये निघाला. त्यात केळीचे चित्र आहे, आणि त्याच खंडात रंगभट, विनायक पंडित व आपूभट या तीन कोकणी वैद्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्रही छापलेले आहे. नागरी अक्षरांच्या मुद्रणाच्या आरंभीच्या नमुन्यांपैकी हा एक होय. पुढे १७३६ मध्ये लिनीअसने हॉलंडमधील एका धनिकाच्या उबदार काचघरात फुललेल्या केळीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. आपल्या परसात मोरीच्या पाण्यावर वाढणाऱ्या झाडाचे तिकडे केवढे हे कौतुक!

१६३८ मध्ये विजापूरच्या फौजेबरोबर शहाजीराजे बंगळुरास आले आणि हे गाव त्यांची जहागीर झाले. १६८७ मध्ये मोगलांनी ते घेतले व तीन लक्ष रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवरायास विकले. १७६० मध्ये हैदरअलीने लालबागेचा आरंभ केला. राज्ये आली, गेली, विकली गेली. केळ मात्र कोणी राजाने येथे आणली असे म्हणावयास आधार नाही. ती हातातून हातात आणि परसातून परसात गेली. सत्यनारायणाच्या चौरंगाला आपण केळीचे खुंट बांधतो. येथे आयुधपूजेच्या दिवशी वाहनांनाही केळीचे कंद बांधतात. भाषा दोन, पण झाड एकच.

या देवघेवीला एक भयही चिकटलेले आहे. मुनव्यातून वाढलेले प्रत्येक झाड म्हणजे आईचीच प्रतिकृती. म्हणून आईला जो रोग मारतो, तो साऱ्या वंशाला मारू शकतो. मध्य अमेरिकेत ‘ग्रो मिशेल’ या जातीच्या प्रचंड बागा मातीतल्या एका बुरशीने ओसाड केल्या, आणि १९६० च्या दशकात व्यापाऱ्यांना ती जात सोडून द्यावी लागली. तोच पनामा रोग आमच्या जवळच्या नंजनगुडलाही आला. कपिलेच्या काठची सुगंधी रसबाळे त्याने दुर्मीळ करून टाकली. तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परंतु मानांकनाने नाव राखले जाते, झाड राखावयास हातच लागतात.

येथेच आम्हांस परसाचे मोल कळते. बाजाराला एकाच जातीची, एकाच मापाची केळी हवी असतात. परसाला तसे बंधन नाही. एका घरी एलक्की, दुसऱ्या घरी रसबाळे, तिसऱ्या घरी कोकणातून आणलेली राजेळी, अशी विविधता घरोघरच टिकते. पण बनशंकरीतील जुनी बैठी घरे एकामागून एक पाडली जात आहेत. २०१७ पासून मेट्रोही येथे धावू लागली. नव्या इमारतींना वाहनतळ असतो, परस नसते. गेल्या वर्षी अज्जींचे घर पाडले, तेव्हा त्यांचे केळीचे बेट एका दुपारी उखडले गेले.

सुदैवाने त्याची लेक आमच्याकडे होती. केळ एकदाच वेते आणि मरते. घड उतरला की खुंट तोडावा, आणि अरुंद, तलवारीसारख्या पानांचा एक जोमदार मुनवा राखावा, हा जुना नियम आम्ही पाळला होता. या श्रावणात त्यातलाच एक कंदासकट काढून, निरोगी आहे हे पाहून, आम्ही अज्जींच्या मुलाच्या नव्या घरी नेऊन दिला. तेथे गच्चीवर एका जुन्या पिंपात तो लावला आहे. अज्जींनी त्याला पाणी घातले आणि विचारले, “हा तुमच्याकडचा ना?” आम्ही म्हणालो, “नाही, तुमचाच.”