समुद्राकडे पाहणारे बुरूज आणि पाठीमागचा वणवा

मालवण किनाऱ्यावर मनोरा म्हटला की डोळ्यांसमोर काय येतं? सिंधुदुर्गाचा बुरूज, नाहीतर वेंगुर्ल्याचं दीपगृह. दोन्ही समुद्राकडे तोंड करून उभे. १६६४ मध्ये कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू झालं, तेव्हा धोका पाण्यावरून येणार हे उघड होतं. पण दर वर्षी शिमग्याच्या आसपास आपल्या पाठीमागे, सड्यावर, वणवा पेटतो. त्याच्यावर नजर ठेवणारा मनोरा मात्र कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. असं का? आज आपण एवढाच प्रश्न घेऊ.

वणव्यासाठी टेहळणी मनोरे उभारण्याची मोठी लाट अमेरिकेत आली. ऑगस्ट १९१० मध्ये तिथे आयडाहो आणि मोंटाना भागात दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर रान जळालं, ८० च्या आसपास माणसं गेली. त्यानंतर डोंगरमाथ्यांवर मनोरे वाढत गेले. आत एक माणूस, एक दुर्बीण आणि नकाशा चिकटवलेली गोल तबकडी. धूर दिसला की तबकडीवरून त्याची दिशा मोजायची. दुसऱ्या मनोऱ्यानेही मोजायची. नकाशावर दोन रेषा छेदतात तिथे आग. साधं आणि पक्कं तंत्र.

पण या तंत्रामागे एक गृहीत आहे, तिकडे लक्ष द्या. रान एका मालकाचं, आणि धूर म्हणजे शत्रू.

आपल्याकडे इंग्रजांनी १८६४ मध्ये वनखातं काढलं ते याच समजुतीवर. १९२७ च्या वन कायद्यातही राखीव वनात आग लावणं हा गुन्हाच आहे. आता कोकणचा शेतकरी काय करत होता? भाजावळ. तरव्याच्या जागेवर शेण, कवळ, पातेरा पसरायचा आणि मिरगाआधी पेटवायचा. तणाचं बी जळतं, राख जमिनीत मिसळते, रोप जोमाने येतं. म्हणजे खात्याला जो गुन्हेगार वाटला, तो घरी पेरणीची तयारी करत होता! ठाणे-कुलाबा भागात कवळ आणि राबावरून इतका असंतोष झाला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. मनोऱ्यावरून धूर दिसतो, धुरामागचं कारण दिसत नाही.

आता सिंधुदुर्गाकडे येऊ. इथलं बहुतेक रान सरकारी नाही, मालकीचं आहे. एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस, चाळीस-चाळीस नावं. अशा रानात मनोरा बांधणार कोण? त्यामुळे इथे टेहळणी केली ती वाडीने. जांभ्याच्या सड्यावरचं गवत जानेवारीनंतर वाळून कोळ होतं. दुपारी वारा सुटतो आणि सड्याच्या उतारावर असतात काजूच्या बागा. गुरांमागे गेलेल्याला धूर दिसला की तो हाक मारायचा, आणि वाडीतली माणसं हिरव्या फांद्या तोडून आग झोडपायला धावायची. त्याआधी, थंडीतच, बागेभोवती गवत काढून जाळरेषा घेतलेली असायची. मनोरा नव्हता, पण डोळा होता. आणि डोळ्याला लागून हात होते.

आज डोळा आकाशात गेलाय. २००४ पासून भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीच्या सूचना देते. पूर्वी एक ठिपका एक किलोमीटरचा होता, आता ३७५ मीटरचा आहे. प्रगती मोठी आहे. तरी हिशेब करा: ३७५ मीटरचा चौकोन म्हणजे जवळपास ३५ एकर. आपली काजूची बाग दोन एकरांची. उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच वरून जातो, आणि वाळलं गवत तेवढ्यात जळून मोकळं होतं.

समजा, सूचना वेळेवर आली. धावणार कोण? घरांना कुलपं आहेत. सातबाऱ्यावरचे चाळीस जण मुंबईत, एकमेकांवर विसंबून. गवत कुणीच काढत नाही, म्हणून पेटायला जास्तच असतं. दहा वर्षं वाढवलेली कलमं एका दुपारी जातात, आणि बहुतेक वेळा ती जातात गावात राहिलेल्याची. आग मात्र गेलेल्यांच्या पडीक रानातून आलेली असते.

म्हणून आम्ही इथे मनोऱ्याची मागणी करत नाही. इतिहास सांगतो तो एवढंच, की आग पाहणारा आणि आग विझवणारा जिथे एकच होता तिथे रान टिकलं. गणपतीला सगळे चाकरमानी घरी येतात. त्याच दिवसांत सामाईक रानाची जाळरेषा कोण घेणार आणि खर्च कसा वाटायचा, हे ठरवता येतं. थंडी सुरू होईपर्यंत काम झालेलं पाहिजे. शिमग्याला मग उशीर झालेला असतो.