तळ्याचा कारभारी

सॉफ्टवेअर कंपन्यांतला ‘अजाइल’ प्रोजेक्ट मॅनेजर हे पद एका जाहीरनाम्याच्या पोटी जन्मले असे मानतात. २००१ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात १७ जणांनी तो काढला. काम लहान फेऱ्यांत करावे, प्रत्येक फेरीनंतर वापरणाऱ्याला दाखवावे, आराखड्याला कवटाळून बसू नये, हा त्याचा गाभा. या पदासाठी हिंजवडीत किंवा मिहानमध्ये अर्ज करणारा उमेदवार पद्धत शिकतो, प्रमाणपत्रे जमवतो. पण हे पद पद्धतीवर उभे राहत नाही. निर्णय कुणाचा आणि त्याचे फळ कुणाला, यावर उभे राहते. भंडारा जिल्ह्यातल्या तलावांचा इतिहास हेच दाखवतो.

वैनगंगेच्या खोऱ्यातले जुने तलाव प्रामुख्याने कोहळी समाजाने बांधले. परंपरा सांगते, की जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली येणारी जमीन, अशी गोंड राजांची बोली होती. नोकरीची जाहिरात म्हणाल तर ती हीच; पगार कामाच्या फळातूनच निघायचा. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळीच्या नावे सांगितला जातो (१९९९पासून तो गोंदिया जिल्ह्यात आहे). उताराचा अंदाज घेऊन पाळ म्हणजे मातीचा बांध घालायचा, वरच्या तलावाचा सांडवा खालच्याला भरील अशी रचना करायची, आणि मग दरवर्षी पाऊस पाहून ठरवायचे: धान किती, ऊस किती, पाणी आधी कुणाच्या बांधीला. गाळ काढणे आणि पाळीची डागडुजी कधी संपतच नसे. म्हणजे आराखडा कधीच बंद होत नव्हता.

यावर रास्त आक्षेप असा, की हे तलाव ज्याच्या ताब्यात होते तो गावचा मालगुजार काही सहकाऱ्यांच्या मताने चालणारा मॅनेजर नव्हता. १८६०च्या दशकातल्या जमाबंदीत इंग्रजांनी त्याला गावाचा मालकच केले, आणि पाळीवर माती टाकणाऱ्यांना त्या मालकीत वाटा नव्हता. हे नाकारून तलावांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. मात्र माझा मुद्दा न्यायाचा नाही, कारभाराचा आहे. तलाव फुटला तर त्याचेही धान वाळे, म्हणून पाळीकडे पाहणारा कुणीतरी असे. १९५१मध्ये, भंडारा मध्य प्रदेशात असताना, मालगुजारी संपली. ती संपायलाच हवी होती. तलाव सरकारचे झाले, ‘माजी मालगुजारी’ म्हणजे लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ ठरले, आणि पुढे मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे गेले. फाईल एकाकडे, पाण्याची गरज दुसऱ्याकडे, अशी फारकत झाली. गाळ साचला, बेशरमाची झुडपे माजली. वाईट मालक गेला, पण त्याच्या जागी चांगला कारभारी नेमायचे राहून गेले.

तीच उणीव दाखवतो पवनीजवळचा गोसीखुर्द धरण प्रकल्प. १९८३च्या मंजुरीत ३७२ कोटींचा, १९८८मध्ये भूमिपूजन, २००९मध्ये राष्ट्रीय प्रकल्प, आणि खर्च पुढे १८ हजार कोटींपलीकडे. धरणाची भिंत फेऱ्याफेऱ्यांनी बांधता येत नाही, असे अभियंते म्हणतील, आणि ते खरेच आहे. पण कालवे आणि पुनर्वसन यांना तो नियम लागू नाही. तिथे टप्पा संपवून, पाणी शेतात पोहोचले का ते पाहून पुढे जाता आले असते. तसे पाहायला बांधील असलेला एक माणूस त्या रचनेत कुठे होता?

जानेवारी २०२३मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेने अजाइल कामासाठीची १,१००हून अधिक पदे एका फटक्यात रद्द केली, तेव्हा ही पद्धतच फोल निघाली असे अनेकांनी म्हटले. मला ते घाईचे वाटते. बँकेचे म्हणणे होते की ते काम आता अभियंत्यांच्या रोजच्या कामातच मिसळले आहे. ते खरे असेल, तर पद गेले तरी काम उरले. भंडाऱ्यात १९५१नंतर पाळीकडे पाहण्याचे काम कुणाच्याच नावावर चढले नाही.