बाळंतिणीची बडदास्त आणि गर्भिणीची उपेक्षा

भोसल्यांचे राज्य 1854 साली खालसा झाले आणि 1861 मध्ये नागपूर हे मध्यप्रांताचे मुख्य ठिकाण ठरले. नव्या अमलाची दप्तरे जमाबंदी, कापूस व रेल्वे यांच्या हिशेबांनी भरू लागली, तरी महाल भागातील वाड्यांपासून विणकरांच्या वस्त्यांपर्यंत बाळंतपणे मात्र पूर्वापार रिवाजाप्रमाणे सुइणीच्याच हाती राहिली. त्या रिवाजात बाळंतिणीची बडदास्त, निदान खात्यापित्या घरी, मोठी असे: अंगाला तेल, बाजेखाली शेगडी, ओवा-बाळंतशेपांची धुरी, डिंकाचे आणि हळिवाचे लाडू. पण हा सारा थाट प्रसूतीनंतरचा. तत्पूर्वीच्या नऊ महिन्यांतून डोहाळजेवणाचा एक दिवस वजा केला, तर सासुरवाशिणीने सर्वांच्या मागून उरलेसुरले खावे हीच रीत, आणि अधिक खाल्ल्यास मूल मोठे होऊन अडेल, ही भीती त्या रीतीच्या पाठीशी उभी. वास्तविक चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीसाठी पहिल्या महिन्यात दूध, तिसऱ्यात मधतुपासह दूध, चौथ्यात दुधासह लोणी असा महिनावार आहार सांगितला असून, तेलाने काठोकाठ भरलेले पात्र न हिंदकळता न्यावे तसे तिला जपावे, असेही तेथे बजावले आहे. शास्त्र पाठशाळेत राहिले, रूढी माजघरात राहिली. आणि मजुरणीला लोणी कोठून मिळणार, हा प्रश्न दोहोंपैकी एकीकडेही विचारला गेला नाही.

सरकारचे लक्ष प्रथम गेले ते प्रसूतीकडे. 1885 साली लेडी डफरीन यांच्या पुढाकाराने स्त्रियांच्या वैद्यकीय साहाय्यासाठी निधी उभा राहिला आणि पुढे नागपुरातही डफरीन रुग्णालय निघाले. तेच आजचे डागा रुग्णालय. स्कॉटिश मिशनच्या डॉ. अ‍ॅग्नेस हेंडरसन यांच्या खटपटीने 1896 मध्ये म्यूर मेमोरियल रुग्णालयाची त्यात भर पडली. पुरुष डॉक्टरसमोर येण्यास न धजणाऱ्या स्त्रियांची यामुळे मोठी सोय झाली, हे खरे. तथापि परक्या धर्माच्या वा सरकारच्या दारात पाऊल टाकण्याचा संकोच काही सहजासहजी सुटणारा नव्हता.

तो सोडविण्याचे श्रेय मी कमलाताई होस्पेट यांना देतो. 1896 मध्ये खानदेशातील शिरपूर येथे जन्मलेल्या आणि लहान वयातच वैधव्य आलेल्या या स्त्रीने, ज्या समाजात विधवेचे दर्शन मंगलकार्यात अशुभ मानीत त्याच समाजात, प्रसूतीसारख्या मंगल प्रसंगी स्त्रीच्या उशाशी बसण्याचे काम पत्करले, ही गोष्ट पुढे मिळालेल्या सन्मानापेक्षा मला मोठी वाटते. डफरीनमध्ये परिचारिकेचे शिक्षण घेऊन त्यांनी 1921 साली वेणूताई नेने यांच्या सहकार्याने चार खाटांचे प्रसूतिगृह काढले. तोच मातृसेवा संघ. त्याच्या शाखा पुढे नागपूरबाहेरही पसरल्या आणि 1961 मध्ये कमलाताईंना पद्मश्री मिळाली.

प्रसूतीपूर्व काळाची दखल मात्र कायद्याने घेतली, तीही गिरणीच्या वाटेने. 1928 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूतिलाभाचे बिल आले, तेव्हा बाळंतपणाच्या आधी व नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्रहिताचे आहे, असा पक्ष डॉ. आंबेडकरांनी मांडला; मुंबईचा कायदा 1929 चा, आणि मध्यप्रांताचा 1930 चा. 1877 पासून चालू असलेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलसारख्या कारखान्यांतील बायांसाठी ही तरतूद होती. शेतात निंदणी-खुरपणी करणाऱ्या, संख्येने कितीतरी अधिक असणाऱ्या बाया तिच्या बाहेरच राहिल्या.

त्याच सुमारास मुंबईत ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टरबाई गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा शोध घेत होत्या. हा आजार निकृष्ट आहारातून उद्भवतो आणि यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी 1931 मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल. गर्भिणींना लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम भारत सरकारने सुरू केला तो 1970 साली.