बडवायझरचं गाव आणि शिरगणतीचा एक रकाना

बडवायझर बिअरचं नाव बहुतेकांनी ऐकलंय. पण ते एका गावावरून आलंय हे फार थोड्यांना माहीत असतं. गाव चेकियाच्या दक्षिणेला. चेक नाव चेस्के बुदेयोवित्से, जर्मन नाव बुडवाइस. लोकवस्ती आज लाखाच्या जरा आत. म्हणजे आपल्या हिशोबाने तालुक्याचं गाव. पण या गावाची शिरगणती वाचली की अंगावर काटा येतो.

१२६५ साली राजा दुसरा ओटाकर याने हे शहर वसवलं. पुढे शतकानुशतकं इथे जर्मन आणि चेक दोन्ही भाषा चालत. बाजारात एक, घरात दुसरी, असे कितीतरी लोक होते. "तू चेक की जर्मन?" असं विचारलं तर "मी बुडवाइसचा" म्हणणारेही होते.

१८३२ मध्ये इथून ऑस्ट्रियातल्या लिंझपर्यंत घोड्यांनी ओढायची रेल्वे सुरू झाली. १८४८ मध्ये हार्टमुट यांचा पेन्सिलींचा कारखाना व्हिएन्नाहून इथे आला. आपल्या कोहिनूर हिऱ्याचं नाव घेऊन जगभर विकली जाते ती पेन्सिल इथलीच! कारखाने आले तशी आजूबाजूच्या खेड्यांतली चेक माणसं कामाला आली आणि गावाचा तोल हलू लागला.

मग आली १८८० ची शिरगणती. ऑस्ट्रियाच्या सरकारने विचारलं, रोजच्या वापरातली भाषा कोणती? उत्तर एकच द्यायचं. दोन भाषांत जगणाऱ्याने काय लिहायचं? आकडे आले तेव्हा दोन्ही बाजू जवळपास बरोबरीत होत्या. झालं, दर दहा वर्षांनी शिरगणती म्हणजे निवडणूकच होऊन बसली. शाळा, संस्था, पतपेढ्या, सगळं दोन-दोन. बिअरचेसुद्धा दोन कारखाने! १७९५ चा जर्मन नागरिकांचा, १८९५ चा चेक लोकांचा. १९१० पर्यंत चेक स्पष्ट बहुमतात गेले होते.

१९१४ मध्ये दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनी शहराचा कारभार वाटून घ्यायचा समझोता केला. तेवढ्यात महायुद्ध पेटलं आणि तो कागदावरच राहिला.

पुढचं सगळं भयंकर आहे. हिटलरच्या ताब्यात गेल्यावर एप्रिल १९४२ मध्ये इथल्या ९०० हून अधिक ज्यूंना तेरेझिनच्या छावणीत नेलं. परतले अगदी मोजके. त्याच वर्षी त्यांचं प्रार्थनामंदिर सुरुंग लावून उडवलं. युद्ध संपल्यावर पाळी जर्मनांची. चेकोस्लोव्हाकियातून सुमारे ३० लाख जर्मनांना घालवलं गेलं, त्यात या गावचेही होते.

आणि जर्मन कोण, हे ठरवलं कसं? १९४५ च्या जमीन जप्तीच्या हुकुमात लिहिलं होतं: १९२९ नंतरच्या कुठल्याही शिरगणतीत ज्याने स्वतःला जर्मन म्हणून नोंदवलं, तो जर्मन. नाझींविरुद्ध प्रत्यक्ष लढलेल्यांना तेवढी सूट. १९३० साली शांततेच्या काळात भरलेला एक रकाना पंधरा वर्षांनी माणसाचं घरदार घेऊन गेला.

आजच्या चेक शिरगणतीत राष्ट्रीयत्वाचा प्रश्न ऐच्छिक आहे. असंख्य लोक तो रकाना कोराच सोडतात. या गावचा इतिहास वाचल्यावर त्याचं नवल वाटत नाही.

माणसं मोजावीच लागतात. शाळा किती, दवाखाने किती, हे त्याशिवाय कसं ठरणार? पण रकाना मोजण्यासाठी आहे की वेगळं काढण्यासाठी, हे आधी विचारून घ्यावं. कागद आपल्यापेक्षा जास्त जगतो, आणि तो उद्या कोणाच्या हातात जाईल हे आज कोणीच सांगू शकत नाही.